गळ्याशी फुगा आणि तोंडाला आंबूस वास: कोंबडीला उलटी धरू नका

वेसाव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गच्चीवर तीन कोंबड्या. त्यातली दोन वर्षांची तांबडी तीन दिवस दाण्याकडे नुसती बघते, खात नाही. गळ्याखाली उजव्या अंगाला चेंडूएवढा फुगा आलाय आणि तो सकाळीही उतरत नाही. हाताला पाण्याच्या पिशवीसारखा मऊ लागतो. ती वाकली की चोचीतून पाणी गळतं, आंबलेल्या पिठासारखा वास येतो. मागच्या आठवड्यात तिला शिंका येत होत्या, म्हणून दाणेवाल्याने दिलेली अँटिबायोटिक पावडर पाच दिवस पाण्यातून पाजली. आता शेजारचे काका म्हणतात, पाय धरून उलटी कर आणि सगळं पाणी पिळून काढ. करू का?

नका करू. काकांचा हेतू चांगला आहे, पण हा उपाय मी स्वतः करून बसले आहे, म्हणून सांगते. पशुवैद्यकाची पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मालाडच्या एका गावठाणातून अशीच कोंबडी आली, गळ्याखालची पिशवी तुडुंब भरलेली. एका जुन्या जाणत्या माणसाने शिकवल्याप्रमाणे मी तिला उलटी धरली, हलकेच दाबलं. भळकन पाणी आलं, मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा तिने पंख ताणले, चोच दोनदा उघडली आणि माझ्या हातातच मान टाकली. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, एक बारीक चीर असावी तसं. उलटी झालेली घाण त्यावरूनच बाहेर येते. आपण ठसका देऊन घशातलं बाहेर फेकतो, तसं जोरकस तिला जमत नाही. घोटभर आत गेलं की संपलं. २२ वर्षं झाली, त्यानंतर मी एकही कोंबडी उलटी धरलेली नाही. पिशवी रिकामी करायचीच असेल तर आम्ही कोंबडी सरळ धरून तोंडातून नळी घालतो. ते दवाखान्याचं काम.

आता ही पिशवी म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोंबडीला दात नाहीत. ती पटापट गिळते आणि गिळलेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं. डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात, मी गळपिशवी म्हणते. तिथे दाणा भिजतो, मऊ होतो, मग थोडा थोडा खाली उतरतो. आधी जठरात पाचकरस मिळतो, मग पेट्यात दळला जातो. चिकनवाल्याकडे आपण कलेजी-पेटा मागतो, तोच हा पेटा. गळपिशवी हे कोठार आहे, गिरणी खाली आहे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना कोठार भरलेलं असणं हे तब्येतीचं लक्षण. चांगली फुगलेली, दाबली तर आत दाणे हलतात. रात्रभर गिरणी चालते आणि पहाटे दाणा टाकण्यापूर्वी हात लावाल तर पिशवी रिकाम्या बटव्यासारखी सुरकुतलेली लागते.

म्हणून तपासायची वेळ सकाळची. दुपारी भरलेली पिशवी बघून घाबरून फोन करणारे मला महिन्यातून दोन-चार तरी भेटतात. रात्री खायला-प्यायला असलेलं सगळं काढून घ्यायचं आणि उजाडताच हात लावायचा. तेव्हाही भरलेली असेल तरच तो आजार.

पण आजार पिशवीचा असतोच असं नाही. दादरला लोकल खोळंबली की प्रवासी दादरला शिव्या देतात, बिघाड असतो कुर्ल्याला. गळपिशवीचं तसंच आहे. ती बाहेरून दिसते, हाताला लागते, म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. खाली पेट्यात काही अडकलं असेल, पोटात अंडं अडलं असेल, जंत झाले असतील, शिशाची विषबाधा असेल, मरेकसारख्या रोगाने नसा गेल्या असतील, तरी गाडी गळ्याशीच थांबलेली दिसते. नुसती पिशवी रिकामी केली तर दोन दिवसांत पुन्हा भरते. ‘डॉक्टर, तीनदा पाणी काढलं, परत भरतंय’ म्हणणाऱ्यांची गाडी पुढे कुठेतरी अडकलेली असते.

हाताला काय लागतं त्यावरून पहिला अंदाज येतो. कडक, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी किंवा त्याहून घट्ट लागली तर ती चोंदली आहे. मऊ, डुचमळणारी, वासाची असेल तर आंबली आहे. तिसरी लोंबलेली. तिचे स्नायूच सैल पडलेले असतात आणि कोंबडी चालताना पिशवी छातीपुढे झोळीसारखी हलते. लोंबलेल्या पिशवीला पक्का इलाज नाही. थोडं थोडं, मऊ, दिवसातून चार-पाच वेळा खायला द्यायचं, गवत बंद. काही लोक कापडी पट्टा शिवून आधार देतात. नीट बसला तर चालतो, घट्ट झाला तर उलट त्रास. अशा कोंबडीची अंडी पिल्लांसाठी उबवायला ठेवू नयेत, एवढंच. तुमच्या तांबडीचं ते दिसत नाही.

तुमचं वर्णन आंबलेल्या पिशवीचं आहे. तिथे अन्न थांबलं की यीस्ट माजते, कँडिडा नावाची बुरशी. ती थोडीफार निरोगी कोंबडीतही असते, पण तिथले चांगले जंतू तिला दाबून ठेवतात. अँटिबायोटिकने ते जंतू मेले की बुरशीला रान मोकळं. त्यामुळे शिंकांची ती पावडर आणि आताचा वास यांचा संबंध नाही असं मी म्हणणार नाही. त्यात पाव, भात, पोळीचे तुकडे असतील, पावसात दमटलेली तांदळाची कणी असेल तर बुरशीची चैनच. शवविच्छेदनात अशी पिशवी उघडली की आतली भिंत गुळगुळीत गुलाबी न दिसता पांढरट, जाडसर, खरखरीत दिसते. पुस्तकांत त्याला टर्किश टॉवेलची उपमा आहे आणि ती अगदी बरोबर आहे.

तरी बुरशीचं औषध आणायला धावू नका. आधी तिचं तोंड बघा. कोणाला तरी टॉवेलमध्ये गुंडाळून धरायला सांगा, चोच हलकेच उघडा, मोबाइलचा टॉर्च मारा. आत पांढरे, दह्याच्या कवडीसारखे पापुद्रे दिसले तर कँडिडाची शक्यता वाढते. पिवळट, पनीरसारखे घट्ट थर जिभेखाली किंवा टाळ्याला दिसले तर प्रकरण वेगळं. तो ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो आणि मुंबईत तो येतो कबुतरांकडून. तुमच्या गच्चीवर कबुतरं कोंबड्यांच्या भांड्यात पाणी पीत असणार. कुठल्या गच्चीवर पीत नाहीत? त्याला बुरशीचं औषध काही करत नाही, औषध पूर्ण वेगळं लागतं. पिशवीतला कोमट थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर परजीवी वळवळताना दिसतो, यीस्ट असेल तर कळ्या फुटलेल्या गोल पेशी दिसतात. पाच मिनिटांची तपासणी आहे, पण ती केल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. पापुद्रे मात्र खरवडू नका, रक्त येतं.

आता आज रात्रीचं. सगळीकडे सांगतात की आंबलेल्या पिशवीला चोवीस तास उपाशी ठेवा. धडधाकट कोंबडीला ते ठीक. तुमची तीन दिवस आधीच उपाशी आहे, तिला आणखी एक दिवस उपाशी ठेवणं मला पटत नाही. तेव्हा एवढंच करा: आज संध्याकाळी तिला वेगळं करा, खोक्यात वर्तमानपत्र अंथरून, हवेशीर पण पावसाची झड लागणार नाही अशा जागी. भुसा, पेंढा घालू नका, ती तो खाईल. वर्तमानपत्रामुळे शीटही नीट बघता येते. रात्री दाणा नको. पाणी मात्र बंद करायचं नाही. छोट्या वाटीत थोडं थोडं, दर दोन तासांनी बदलून द्या, म्हणजे ती एकदम भरपूर पिऊन पिशवी आणखी ताणणार नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करून लिहून ठेवा. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल तर हा आजार तीन दिवसांचा नाही, तुमच्या लक्षात आता आला. शेपटीखाली, पोटावर हात लावून बघा: पोट टणक किंवा पाण्याने भरल्यासारखं आहे का, ती पेंग्विनसारखी उभी राहते का. तसं असेल तर अंड्याचं दुखणं आहे आणि गळपिशवी फक्त साक्षीदार.

मालिश? तुमच्या कोंबडीला नको. मऊ पाण्याने भरलेली पिशवी दाबली की पाणी घशात चढतं आणि आपण काकांच्या उपायावरच पोहोचतो. मालिश चोंदलेल्या, कडक पिशवीसाठी. तिथे आधी ड्रॉपरने कोमट पाणी, चोचीच्या कडेला एकेक थेंब, ती स्वतः गिळेल तसं, पाच-दहा मिली. मग अंगठा आणि दोन बोटांनी गोळा चुरत पाच मिनिटं मळायचं, दिवसातून चार-पाच वेळा. खोबरेल तेल चमचाभर चालतं, पण तिच्या घशात ओतायचं नाही. मऊ दाण्यात कालवून तिने खाल्लं तर ठीक. तेलाने गवत विरघळत नाही, दोरा तर नाहीच. एक ते दोन दिवसांत गोळा लहान होत नसेल तर मळत बसू नका.

लोक सांगतात त्या बाकीच्या गोष्टी एकदम आटोपते. अॅपल सायडर व्हिनेगर: कँडिडा आंबट जागेत मजेत वाढते, त्यामुळे त्याने बरी होईल ही आशा सोडा. दही-ताक: पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. चमचाभराने बिघडणार नाही, पण ते औषध नाही. खाण्याचा सोडा, लसणीचा रस, एरंडेल नको. मोरचूद पाण्यात घालून देतात, ही पद्धत पोल्ट्रीत जुनी आहे. पण मोरचूद थोडं जास्त झालं तरी विष आहे आणि धातूच्या भांड्यात तर मुळीच चालत नाही. अंदाजाने चिमूट टाकणाऱ्यांमुळे मी तीन कोंबड्या गमावलेल्या पाहिल्या आहेत. बुरशीसाठी निस्टॅटिन चांगलं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, जिथे लागतं तिथेच काम करतं. म्हणूनच पिशवी भरलेली असताना दिलं तर घाणीत वाहून जातं. आधी रिकामी, मग औषध, हा क्रम. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टर सांगतील.

आता मला खरं जे विचारायचं आहे ते. तुम्ही वेसाव्याला राहता. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरोघरी गच्चीवर जाळी पसरून दुरुस्ती चालते. तुमच्या गच्चीवर चालते का?

विचारायचं कारण दोन. पहिलं, नायलॉनचा धागा. कोंबडीला गांडूळ आणि धागा यातला फरक कळत नाही. दोन वर्षांपूर्वी वेसाव्याचीच एक कोंबडी आली होती, पिशवी कडक, घरच्यांनी चार दिवस मळलेली. भूल देऊन उघडली. आधी वरच्या कातडीला छेद, मग पिशवीच्या भिंतीला वेगळा. चिमट्याला पहिल्यांदा पावसाळी गवताची लांब पाती लागली, ती ओढली तर मागून गजऱ्याचा पांढरा दोरा आला, दोऱ्याला एक रबर बँड आणि या सगळ्याला घट्ट आवळून जाळ्याचा निळा नायलॉन. आवळ्याएवढा गोळा. टेबलावर ठेवला तर सोडवता येईना, कात्री लावली. सगळं धुऊन पिशवीची भिंत शिवली, कातडी वेगळी शिवली. दोन थर एकात एक शिवले तर पिशवी कातडीला चिकटून बसते आणि पुन्हा नीट आकसत नाही. संध्याकाळी ती भिजवलेला मॅश, म्हणजे कोंबड्यांचं भरड दळलेलं खाद्य, खात होती. कोंबडी या शस्त्रक्रियेतून आश्चर्य वाटेल इतकी लवकर सावरते, मात्र त्या आधी आठवडाभर उपाशी ठेवून खंगवलेली नसली पाहिजे.

दुसरं कारण शिसं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. दुरुस्तीत जुने मणी निघतात, गच्चीत सांडतात. कोंबडी दाणा दळण्यासाठी खडे शोधतच असते, मणी तिला छान खडा वाटतो. मग पेट्यात तो वाळूबरोबर घासला जातो, आम्लात थोडा थोडा विरघळतो आणि विष रोज रक्तात जात राहतं. गळपिशवी थांबते, तुरा फिकट पडतो, पाय लुळे पडतात, शीट हिरवीगार होते. बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती फक्त भरलेली पिशवी. अशा कोंबडीला निस्टॅटिन कितीही पाजा. एक्स-रेमध्ये शिसं पांढरंशुभ्र ठिपक्यासारखं चमकतं, चुकणं कठीण. नायलॉन मात्र एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणजे ‘काही अडकलेलं नाही’ असं समजू नका. शिसं निघालं तर त्याला बांधून बाहेर काढणारं इंजेक्शन असतं. एक महत्त्वाचं: शिसं अंड्यात उतरतं. त्यामुळे तिन्ही कोंबड्यांची अंडी, विशेषतः घरातल्या लहान मुलांना, तपासणी होईपर्यंत देऊ नका. औषधं सुरू झाल्यावरही अंडी किती दिवस टाकायची हे विचारून घ्या. आणि कोणी सुचवलंच तर आजारी कोंबडी कापून खायची नाही.

उद्या सकाळी पिशवी उतरलेली नसेल, आणि तुम्ही सांगता त्यावरून ती उतरणार नाही, तर सरळ दवाखाना. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, कोंबडी बघणारे कमी. जाण्याआधी फोन करून ‘पक्षी बघता का, नळी घालून पिशवी रिकामी करता का’ एवढं विचारा. जवळ कोणी नसेल तर परळ. तिथे बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कोंबडी घेऊन गेलं तर कोणी हसत नाही. खोक्याला भोकं पाडा, रिक्षात मांडीवर घ्या, ट्रॅफिकमध्ये ऊन येणाऱ्या बाजूला ठेवू नका. वर्तमानपत्रावरची ताजी शीट, दाण्याची मूठभर पुडी आणि त्या अँटिबायोटिकचं पाकीट बरोबर न्या. पाकीट फेकलं असेल तर दाणेवाल्याला पुन्हा नाव विचारा.

रात्रीत तिने चोच उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली, मान वाकडी झाली किंवा ती उभीच राहीना तर सकाळची वाट बघू नका. बाकीच्या दोघीही सुस्तावल्या, हिरवं हगायला लागल्या किंवा एकदम दगावल्या तर तो गळपिशवीचा विषय राहत नाही. ती मानमोडी म्हणजे राणीखेत किंवा बर्ड फ्लूही असू शकतो. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा.

पिशवी रिकामी होऊन औषध सुरू झालं की पहिले दोन दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून आणि पाण्यात भिजवून मऊ केलेला लेयर मॅश, थोडा थोडा. पेज देऊ नका. आजारी माणसाला पेज द्यायची आपली सवय हाताला असते, पण ती नुसता स्टार्च आहे, बुरशीला मेजवानी. भात, पाव, पोळी, गूळ आठ-दहा दिवस बंद. आणि पाव तर मी म्हणेन कायमचा बंद, तो पिशवीत फुगून लगदा होतो. जंताचं औषध ती नीट खायला लागल्यावरच.

गच्चीवरच्या कोंबड्यांना एक गोष्ट हमखास मिळत नाही: खडे. अंगणातली कोंबडी माती उकरून वेचते, तुमच्या लाद्यांवर ते कुठून मिळणार? तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालतो असं पुष्कळ जण सांगतात. अंड्याच्या कवचासाठी त्या उत्तम, पण आम्लात विरघळतात, दळायच्या कामाच्या नाहीत. बांधकामाची जाडी रेती आणा, बारीक भाग चाळून काढा, दोन ते चार मिलिमीटरचे खडे राहतील. खळखळून धुऊन वेगळ्या वाडग्यात ठेवा, त्या हव्या तेवढ्या वेचतील. किनाऱ्यावरची वाळू आणलीत तर मीठ जाईपर्यंत तीन-चार पाणी घालून धुवा. पाण्याचं भांडं कबुतरांना पोहोचणार नाही अशा जागी टांगा. पावसात गच्चीच्या कुंड्यांत माजलेलं लांब गवत कापून टाका. कोवळा शेंडा कोंबडी तोडून खाते, वीतभर पात मात्र तशीच गिळते.

आणि उद्या दवाखान्यातून आलात की झाडू न मारता गच्चीत उकिडव्या बसून एकदा जाळ्याच्या कडेने हात फिरवा. किती मणी सापडतात ते मोजा आणि मला तिच्या वजनाबरोबर कळवा.